मळखाऊ रंग

आमच्या नातीला यंदा सायकल मिळाली. ती दौंडला नववीत शिकते. शाळा घराजवळच आहे. परंतु गणिताचा क्लास कुरकुंभ मोरीच्या पलीकडे, आणि तो सुटतो संध्याकाळी सात वाजता. दिवाळीनंतर सातला चांगला काळोख झालेला असतो, थंडीही पडू लागलेली असते. म्हणून आमच्या सूनबाईने तिच्यासाठी एक जाकीट आणले. काळे कुळकुळीत. आम्ही ते हातात घेऊन दिव्याखाली धरून पाहिले आणि विचारले, "दुसऱ्या रंगाचे नव्हते का?"

"होतं ना बाबा. पांढरं होतं, पिवळंही होतं. पण हे मळखाऊ आहे."

त्यावर आम्ही काही बोललो नाही. जाकीट घडी करून परत दिले आणि ओट्यावर जाऊन बसलो. त्या शब्दाने आम्ही का गप्प झालो हे सूनबाईला ठाऊक नाही. मुलालाही आम्ही कधी नीट सांगितलेले नाही. ते येथे सांगत आहोत.

१९९४ साली आम्ही शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला, एका गावच्या हायस्कुलात शिक्षक होतो. राहायला शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, जाणेयेणे एस.टी.ने. शाळेत येणारी निम्मीअधिक मुले वाड्यावस्त्यांवरची. कुणी तीन मैलांवरून येई, कुणी पाच. ज्यांच्या घरी सायकल होती ती बहुधा बापाची असे, दांड्याची आणि उंच. सीटवर बसून पाय पुरत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारत येणारी मुले आम्ही रोज पाहत होतो. कॅरिअरला दप्तर, हँडलला डबा आणि पुढच्या दांड्यावर धाकटी बहीण, असा तो संसार असे.

त्या वर्षी शाळेने हिवाळ्यासाठी स्वेटर ठरवायचे घेतले. समितीत मुख्याध्यापक, दोन पालक, शिवणाच्या बाई आणि आम्ही. टेबलावर नमुने मांडले होते. बाईंना फिका आकाशी रंग आवडला होता. आम्ही, त्या समितीतले व्यवहारी गृहस्थ म्हणून, हसून म्हणालो, "बाई, ही मुलं सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं बसतात. आकाशी स्वेटर आठ दिवसांत राखेच्या रंगाचा होईल. उन्हाळ्यात तर प्यायच्या पाण्याला टँकर, धुवायला कुठून आणायचं? मळखाऊ रंग घ्या." पालकांनी माना डोलावल्या. गडद निळा, जवळजवळ काळाच म्हणावा असा स्वेटर ठरला. आमचे म्हणणे चुकीचे नव्हते. चुलीचा, धुराचा, पाण्याचा, साबणाच्या वडीचा, सगळ्यांचा विचार आम्ही केला होता. फक्त रस्त्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

डिसेंबर महिना होता. उसाचे गाळप सुरू झालेले. आमच्याकडे या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि शाळा सुटून, थोडे खेळून, मुले रस्त्याला लागतात ती नेमकी दिवेलागणीला. आम्ही एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर उभे होतो. अलीकडच्या वळणावर गलका झाला म्हणून धावत गेलो, तर आमच्याच शाळेतला आठवीचा एक मुलगा साइडपट्टीवर पडलेला. सायकलचे मागचे चाक वेडेवाकडे झालेले. पुढे वीसएक पावलांवर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा, उभा होता. मुलगा शुद्धीवर होता, रडत नव्हता. मांडीचे हाड मोडले आहे हे मात्र पाहताच कळत होते. एक जीप मिळाली. त्यात घालून त्याला शिरूरला नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. पंच म्हणून आम्हांस बोलावले. 'सायकलला दिवा नाही, मागे रिफ्लेक्टर नाही, जखमीच्या अंगात गडद रंगाचा स्वेटर' असे लिहिले गेले. ट्रॅक्टरवाल्याचे म्हणणे एकच होते: "दिसलाच नाही हो. अंधारात काळं कापड, दिसणार कसं?" आम्ही सही केली. लिहिलेल्यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण ट्रॅक्टरचा एकच दिवा लागत होता, ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता आणि ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला होता, हेही आम्ही पाहिले होते. लिहिणाऱ्याने ते विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. का सांगितले नाही? कारण 'काळं कापड' हे शब्द कानी पडताच आमची खात्रीच झाली होती की अपराध आमच्या स्वेटरचा आहे. अपराधी माणसाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा धीर होत नाही.

त्या मुलाचे वडील दवाखान्याबाहेर बसले होते. शेतमजुरी करणारा माणूस. आम्हांला पाहून उठून उभे राहिले. आता ते काय बोलतील या धास्तीने आम्ही पुढे झालो, तर हळूच म्हणाले, "सर, डाक्टरांनी सोटर कापला. शाळंत दुसरा घ्यावा लागंल का?"

"नाही, घ्यावा लागणार नाही," एवढेच आम्ही बोलू शकलो.

मुलगा बरा झाला, एक पाय किंचित आखूड राहिला. शाळेचा स्वेटर पुढे अनेक वर्षे तोच होता. रंग बदलावा असे समितीपुढे मांडणे म्हणजे आपली चूक बोलून दाखवणे. ते आम्ही केले नाही.

तेव्हापासून रस्त्यावर सायकलवाला दिसला की आम्ही आधी त्याचे कपडे पाहतो. ही खोड आजतागायत सुटलेली नाही. पुढे बदली होऊन आम्ही दौंड तालुक्यात आलो आणि न्हावऱ्याहून भीमा ओलांडून पारगाव, केडगाव, चौफुला या रस्त्यावर आमची ये-जा वाढली. त्यातला बराच काळ आम्हीही सायकलवरच होतो. पाहून पाहून काही गोष्टी ध्यानात आल्या.

पांढरे धोतर, पांढरी टोपी घातलेला म्हातारा सायकलवरून संध्याकाळी निघाला की तो फर्लांगभरावरून उमगे. तोंड दिसत नसे, सायकलही दिसत नसे. पण धोतराचे सोगे पायडलाबरोबर वरखाली होत असत आणि ते पाहून मन आपोआप म्हणे, सायकलवर माणूस आहे. त्याचाच मुलगा शर्ट-पँट घालून त्याच रस्त्याने गेला तर तो अगदी जवळ येईपर्यंत लक्षात येत नसे. गवळ्याला मात्र कुणी कट मारत नसे. त्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकलेल्या आणि त्यांना धक्का लागला तर आपलाच पत्रा जाईल हे ट्रकवाल्याला कळे. आमच्या लहानपणी वस्त्यांवर जाणारे एक फादर पांढऱ्या झग्यात सायकलवरून येत. झगा चेनमध्ये अडकू नये म्हणून ते तो कमरेशी खोचून घेत. तरी दूरच्या शेतातली माणसे "फादर आले" म्हणून ओळखत.

दौंडला आल्यावर आणखी एक मौज पाहिली. येथे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाचवा आणि सातवा. पूर्वी त्यांचे जवान खाकी पँटमध्ये सायकलवरून बाजाराला येत. त्यांच्यामागे आलेला ट्रक वेग कमी करी, रस्ता मोकळा होईतो थांबे आणि मग लांबून वळसा घालून पुढे जाई. पोस्टमनही खाकीतच. मागून पाहणाऱ्याला पोस्टमन कोणता आणि पोलीस कोणता हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे बिचाऱ्या पोस्टमनलाही तो मान फुकटात मिळे. आमचा एक मित्र याच कारणासाठी खाकी पँट शिवून घेणार होता. आम्ही हसलो होतो.

तो हसण्याचा विषय नव्हता हे आम्हांला निवृत्तीनंतर कळले. आमच्या मुलाने एका इंग्रजी लेखाची प्रत आणून दिली. मग आम्ही मागे लागून आणखी मिळवल्या. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात इयन वॉकर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी सायकलला अंतर मोजणारे यंत्र बसवले आणि ओलांडून जाणारी मोटार आपल्यापासून किती दूर राहते ते मोजत स्वतःच रस्त्यावर फिरले. कधी हेल्मेट घालून, कधी उघड्या डोक्याने. दोन हजारांहून अधिक मोटारींची मोजणी झाली. २००६ साली निष्कर्ष जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी छापला गेला: हेल्मेट असताना मोटारी सरासरी साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे चार बोटे, अधिक जवळून गेल्या. या खटाटोपात एकदा बसने आणि एकदा ट्रकने त्यांना धडक दिली; दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होते. मग त्यांनी लांब केसांचा टोप घातला, मागून बाई वाटावी असा. तेव्हा मोटारींनी सरासरी चौदा सेंटीमीटर जास्त जागा सोडली. चालकाच्या मनात बहुधा असा हिशेब असावा की हेल्मेटवाला सराईत आहे, तो आपले सांभाळील. बाई मात्र बिचकेल.

या आकड्यांवर वाद झाला हेही सांगितले पाहिजे. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून असे मांडले की खरोखर धोक्याच्या अंतराने, म्हणजे मीटरभराच्या आतून, जाण्याचा हेल्मेटशी संबंध दिसत नाही. विद्वानांचे भांडण आपण सोडवू शकत नाही. पण वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ साली छापलेला दुसरा प्रयोग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्यात एकाच सायकलस्वाराने आळीपाळीने सात प्रकारचे कपडे घातले. शर्यतीतल्या माणसासारखे, रोजचे साधे, झगमगीत पिवळे जाकीट, 'नवखा आहे, हळू जा' असे लिहिलेले जाकीट, आणि पाठीवर 'पोलीस' या अक्षरांसह चित्रीकरण चालू असल्याची सूचना असलेले जाकीट. साडेपाच हजारांवर मोटारी मोजल्या. सरासरी अंतर सुमारे ११७ सेंटीमीटर, कपडे कोणतेही असोत. एकाच जाकिटाने ते वाढून १२२ झाले: पोलीसवाल्या. त्याच धर्तीचे, पण 'पोलीस' ऐवजी त्याच्याशी मिळताजुळता 'सभ्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेले एक जाकीट होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि सर्वांत वाईट बातमी अशी की शंभरातले एक-दोन चालक, समोरच्याने काहीही घातलेले असो, ५० सेंटीमीटरच्या आतून गेले. म्हणजे हातभर अंतरावरून.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे दौंडचा पोस्टमन उभा राहिला. आम्ही इंग्लंडचे सेंटीमीटर जसेच्या तसे आपल्या रस्त्याला लावू इच्छीत नाही. तेथे मागून येते ती बहुतेक वेळा मोटार, ठरलेल्या बाजूने. आपल्याकडे त्याच पट्टीत मागून ट्रक, समोरून उलट्या बाजूने मोटारसायकल आणि मध्ये उसाची बैलगाडी. तरी माणसाचे मन सगळीकडे सारखेच चालते असे दिसते. समोरचा कोण आहे, त्याला धक्का लागला तर मला काय भोगावे लागेल, एवढे ते एका क्षणात ठरवते आणि तेवढीच जागा सोडते.

ही झाली दिवसाउजेडाची गोष्ट. रात्रीची वेगळी, आणि आमच्या स्वेटरचा संबंध रात्रीशी. डेन्मार्कमध्ये २०१२–१३ साली ६,७९३ सायकलस्वारांची चिठ्ठ्या टाकावी तशी विभागणी करून निम्म्यांना झगमगीत पिवळे जाकीट दिले. वर्षभरात जाकीटवाल्यांना इजा होण्याचे अपघात ४७ टक्के कमी झाले. लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेल्या हकिकती म्हणून अभ्यासकांनी तो आकडा खाली ओढून ३८ धरला. तरीही तो थोडा नव्हे. आणि ऑस्ट्रेलियातला रात्रीचा एक प्रयोग तर आम्ही तीनदा वाचला. बंद रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला सांगितली. कडेला वेगवेगळ्या कपड्यांतले सायकलस्वार. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार शंभरात दोन वेळा ओळखला गेला. दिवसा झगमगणारे जाकीट रात्री फारसे कामाचे ठरले नाही, पंधरा वेळा. प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट पन्नास वेळा. आणि त्याच जाकिटाच्या जोडीला गुडघ्यांवर व घोट्यांवर पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद वेळा. कारण गुडघे आणि घोटे वरखाली होतात. ती चाल पाहून मेंदूला कळते की हा खांब नव्हे, माणूस आहे.

शंभरात दोन! आम्ही कागद मिटून ठेवला होता. धोतराचे सोगे आठवले. नुसते पांढरे कापड त्या पट्ट्यांइतके चमकत नाही हे खरे; पण म्हाताऱ्याच्या घोट्यापाशी जे हलत होते ते हेच होते. आमच्या पिढीने पँट घातली, मुलांना मळखाऊ रंग दिले आणि ही जुनी सोय नकळत काढून घेतली.

२०१९ च्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परतताना आमची मोटारसायकल पंक्चर झाली. फाट्यावर एक गॅरेज होते. मालक उठून आला तेव्हा त्याच्या चालण्यावरून आम्ही ओळखले. त्यानेही ओळखले, "सर!" म्हणून वाकून पाया पडला. चहा आला. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल-पांढऱ्या चकाकत्या पट्ट्यांची भेंडोळी टांगलेली होती. हंगामात ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना तो त्या लावून देतो. "आता पोलीसही धरतात, कारखानेही सांगतात. पण सर, गाडीवान म्हणतो, पुढच्या वर्षी लावू."

मग आम्ही धीर केला. स्वेटरचा रंग आम्ही ठरवला होता, आम्ही हट्ट धरला होता, आणि पंचनाम्यावर सहीही केली होती, असे सारे त्याला सांगून टाकले. तो ऐकत होता. मग सहज म्हणाला, "पण सर, त्याला मी दिसलो होतो की."

"म्हणजे?"

"हॉर्न दिला ना त्यानं. दोनदा. मी मागं बघितलं, त्याच्या दिव्यात माझी सावली लांब पडलेली. मी डांबर सोडून खाली उतरलो. साइडपट्टी वीतभर खोल होती, चाक घसरलं. पहिली ट्रॉली गेली. दुसरी लचकली आन् तिच्यातल्या उसानं हँडल ओढलं. त्यानं वेग काही कमी केला नाही."

पंचवीस वर्षे आम्ही एका वाक्यावर विश्वास ठेवून होतो. दिसलाच नाही! आणि त्या मुलाला, जो तेथे होता, आम्ही कधी विचारलेच नाही. पंचनाम्याच्या वेळी तो दवाखान्यात होता. पण त्यानंतर तो दोन वर्षे आमच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत असे.

कुणी म्हणेल, मग तुमच्या मनावरचे ओझे उतरले. तसे झाले नाही. स्वेटरचे ओझे थोडे हलके झाले असेल, सहीचे वाढले. 'कपडे काळे होते' हे वाक्य किती सोयीचे असते ते त्या दिवशी कळले. ते खरे असते, म्हणून त्याआड बाकीचे सगळे लपते: एकच दिवा, बाहेर आलेला ऊस, खोल साइडपट्टी, कमी न केलेला वेग. अपघात झाला की आपण पडलेल्याच्या अंगावरचे कापड पाहतो. ज्याने पाडले त्याचा पाय कुठल्या पट्टीवर होता ते पाहत नाही. ऑस्ट्रेलियात २०२३ साली ५६३ लोकांना हेल्मेट घातलेल्या, पिवळे जाकीट घातलेल्या आणि साध्या डोक्याच्या सायकलस्वारांची चित्रे दाखवून कोण कमी 'माणूस' वाटतो असे विचारले होते. जाकीट आणि हेल्मेट घातलेलेच कमी माणूस वाटले. म्हणजे सायकलवाल्याने दिसण्यासाठी जाकीट घालावे आणि त्या जाकिटामुळे त्याचे माणूसपण आणखी झाकून जावे! रांजणगावच्या एम.आय.डी.सी.तल्या कारखान्यांत कामगारांना चकाकते जाकीट घालावे लागते. आत, जेथे गाड्या माणसाच्या चालीने चालतात. पाळी सुटली की आमच्या ओळखीचा एक कामगार ते काढून ठेवतो आणि काळ्या शर्टात सायकलवरून पुणे–नगर रस्त्याला लागतो. आम्ही त्याला विचारले, तर म्हणाला, "जाकीट कंपनीचं हाय, रस्ता माझा मला."

हे सगळे मनात असूनही आमच्या नातीने सात वाजता त्या मोरीतून यायचे आहे, आणि ट्रकवाल्याचे मन सुधारेपर्यंत तिचा क्लास थांबणार नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. काळ्या जाकिटाच्या पाठीवर शिंप्याकडून चकाकती पट्टी शिवून घेतली. पायडलांचे रिफ्लेक्टर नवे बसवले. घोट्याभोवती बांधायचे दोन पट्टे आणले. गॅरेजवाल्याने पूर्वी दिलेले एक भेंडोळे घरात होतेच, ते मडगार्डला लावले.

नात नाराज झाली. "आजोबा, मी काय उसाची ट्रॉली आहे का? मैत्रिणी हसतील." पाठीची पट्टी तिने उसवून टाकायला लावली. बरीच बोलाचाली झाली. शेवटी तह असा ठरला की घोट्याचे पट्टे ती बांधील, पण क्लासच्या दारापाशी नव्हे. पुढच्या वळणावर, कुणी पाहत नसताना. आम्ही मान्य केले. सूनबाईने मध्ये पडून ओढणी गळ्यात न घेता कमरेला बांधायची हेही कबूल करून घेतले; ओढणी चाकात जाऊन पडलेल्या मुली तिने पाहिल्या आहेत.

काल सव्वासातला आम्ही फाटकाशी उभे होतो. गल्लीच्या टोकाचा दिवा गेले चार दिवस बंद आहे. प्रथम मागून येणाऱ्या मोटारसायकलचा उजेड दिसला. मग त्या उजेडात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन ठिपके एकाआड एक वरखाली होत येताना दिसले. नात दिसत नव्हती, जाकीटही दिसत नव्हते. मोटारसायकलने हॉर्न दिला आणि वेग कमी न करता ती ठिपक्यांना ओलांडून गेली. मध्ये हातभर अंतर असेल, फार तर दीड हात. आम्ही मोजत होतो.